रुसून आलेली

काल शेजारच्या आळीत गोंधळ होता. लग्न होऊन पाचवा दिवस. अंगणात चौक मांडलेला: पाटावर नवा खण, त्यावर तांदळाची रास, राशीवर तांब्याचा कलश, विड्याची पानं, नारळ आणि वर शेंड्याशी एकत्र बांधलेली ज्वारीची पाच धाटं. नवरा-नवरी चौकासमोर बसली होती. खांद्याला खांदा लागणार नाही अशी, कारण अजून नीट ओळखच झालेली नाही. नवरीच्या हातावरची हळद मनगटाच्या घडीत तेवढी राहिली होती.

गोंधळ्यानं संबळावर काठी टाकली आणि एकेका देवाला गावाच्या नावानिशी बोलावणं धाडायला सुरुवात केली. तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, आंबेजोगाईची, पंढरपूरची, मग जेजुरीचा आणि आपला माळेगावचा खंडोबा. ही यादी मी जन्मभर ऐकत आले. काल पहिल्यांदा कान देऊन ऐकली, आणि मनात आलं की नव्या संसाराला आशीर्वाद द्यायला आपण ज्यांना बोलावतो, त्यांतल्या कितीजणींचा स्वतःचा संसार धड झाला?

रात्री दीडला घरी आले. झोप आली नाही. म्हणून ही वही.

*

भाची ओसरीवर बसून स्पर्धा परीक्षेचा प्रश्नसंच सोडवत होती. ग्रीक पुराणांतील विवाहाची देवता कोणती? चार पर्याय. तिनं ‘हेरा’वर खूण केली, उत्तर पडताळलं, पान उलटलं. मी म्हटलं, थांब. त्या बाईची गोष्ट एका खुणेत मावायची नाही.

हेरा म्हणजे क्रोनोस आणि रिया यांची लेक. झ्यूसची बहीण आणि बायकोही. रोमन लोकांनी तिला जूनो म्हटलं. होमर तिला गाईच्या डोळ्यांची म्हणतो. गाईचे डोळे जवळून पाहिलेल्याला त्यात काय कौतुक आहे ते सांगावं लागत नाही. आर्गोसजवळ तिचं मोठं देऊळ होतं. सामोस बेटावर त्याहून मोठं होतं, आज तिथं एकच खांब उभा आहे. लग्न ठरलं की ग्रीक लोक तिच्यापुढं बळी देत, पूजा करत.

आणि नवरा कसा? ज्याचं मन एका ठिकाणी कधी राहिलं नाही असा. ‘इलियड’च्या पंधराव्या सर्गात झ्यूस तिला जुनी आठवण करून देतो: तुझ्या पायांना दोन ऐरणी बांधून, हातांना सोन्याची न तुटणारी साखळी घालून मी तुला आभाळात टांगलं होतं, विसरलीस का? बाकीचे देव संतापले, पण त्यांचं काही चालेना. सोडवायला जो जाई त्याला झ्यूस उचलून फेकत होता.

भाचीनं पुस्तक मिटलं.

“आत्या, अन् हिलाच लग्नाची देवी केलं?”

“हिलाच केलं.”

ती काही बोलली नाही. डाव्या दंडावरची बाही तिनं जरा खाली ओढली. पंचमीला माहेरी आली तेव्हापासून ती लांब बाहीचंच घालते.

*

सोन्याची साखळी. होमरला दोरखंड म्हणता आला असता.

*

झ्यूसनं हेराला मिळवलं ते फसवून. थंडीपावसात भिजलेला कोकीळ होऊन तो तिच्यापाशी आला. तिनं दया येऊन पाखरू पदराखाली घेतलं. आर्गोसच्या देवळात पॉलिक्लीटस या शिल्पकारानं तिची हस्तिदंत आणि सोन्याची मूर्ती घडवली, तिच्या एका हातात डाळिंब होतं आणि दुसऱ्या हातातल्या राजदंडावर हाच कोकीळ बसवलेला होता. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस हे स्वतः पाहून लिहून गेला.

हे वाचलं आणि अंगणातल्या वृंदावनाकडं लक्ष गेलं. आपल्याकडं लग्नांचा हंगाम उघडतो तुळशीच्या लग्नानं. ती वृंदा. विष्णू तिच्या नवऱ्याचं, जालंधराचं रूप घेऊन आला आणि तिला फसवलं. तिनं विष्णूला शाप दिला, मग तिची तुळस झाली. दर कार्तिकात आपण त्याच विष्णूशी तिचं लग्न लावतो, उसाचं धाट उभं करतो, बोरं-आवळे वाहतो, अंतरपाट धरतो.

माझी माय माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवात नव्हती. रीत आहे, नवरीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नाही, तुळशीला पाणी घालत बसायचं. ग्रीकांकडं उलटं होतं. संध्याकाळी वरात निघाली की नवरीची आई स्वतः मशाली घेऊन लेकीच्या मागं जावयाच्या दारापर्यंत चालत जायची. दारात नव्या जोडीवर सुका मेवा, अंजीर, खजूर उधळायचे. आमच्याकडं रंगवलेली ज्वारी.

माझ्या मायनं त्या दिवशी तुळशीशी काय बोलणं केलं असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

*

हेराची मला सगळ्यात आवडती गोष्ट प्लातेया गावची.

एकदा तिचं आणि झ्यूसचं भांडण झालं. कशावरून, ते पॉसेनियस सांगत नाही. ती त्याला सोडून यूबिया बेटावर निघून गेली. झ्यूसनं विनवणी केली, ती येईना. मग तो प्लातेयाच्या शहाण्या राजाकडं, किथैरॉनकडं सल्ल्याला गेला. त्यानं युक्ती सांगितली. झ्यूसनं लाकडाची बाहुली केली, तिला नवरीसारखं गुंडाळून बैलगाडीत बसवलं आणि हूल उठवली की मी दुसरं लग्न करतोय. हेरा धावत आली. गाडीतल्या नवरीचा पदर ओढला, तर आत ओंडका. ती हसली. समेट झाला. त्या गावात याची आठवण म्हणून सण व्हायचा, आणि दर साठ वर्षांनी मोठा सण: चौदा लाकडी नवऱ्या गाड्यांत घालून किथैरॉन डोंगराच्या माथ्यावर नेत आणि तिथं जाळत.

आता आपल्या देवी बघा.

रुक्मिणी. द्वारकेत राधेला कृष्णाच्या मांडीवर बसलेलं पाहिलं आणि रुसून निघाली, ती थेट दिंडीरवनात. तो तिला शोधत भीमेच्या काठी आला, पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. आजही पंढरपुरात तिचं देऊळ वेगळं आहे, त्याच्या मागच्या बाजूला. एका गाभाऱ्यात ती दोघं नाहीत. वारकरी त्याचे पाय धरतो, मग वळून तिच्याकडं जातो. वसंतपंचमीला दोघांचं लग्न लावतात. लग्न लागतं, देऊळ वेगळंच राहतं.

कोल्हापूरची अंबाबाई. भृगू ऋषीनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली. विष्णूनं उलट त्याचाच पाय चेपला. ज्या छातीवर लाथ बसली तिथं लक्ष्मीचं राहणं, आणि नवऱ्याला त्याचं काहीच वाटलं नाही. ती उठली आणि करवीरला निघून आली. तो तिच्या विरहात तिरुपतीच्या डोंगरावर गेला, अशी गोष्ट लोक सांगतात. आजही नवरात्रात तिरुपतीहून कोल्हापूरला शालू येतो. इतकी शतकं झाली, ती परत गेली नाही, आणि शालू यायचा थांबला नाही.

मला या शालूचं फार मोल वाटतं. त्यात कोणी तिला ‘झालं गेलं विसर आणि चल’ म्हणत नाही.

*

देवी रुसली तर तिचं क्षेत्र होतं. लोक तिथं पायी चालत जातात, ती जिथं येऊन बसली त्या जागेची माती कपाळाला लावतात. आमची लेक रुसून आली की पहिले आठ दिवस तिला गोड खाऊ घालायचं, नवव्या दिवशी भावानं गाडीला किक मारायची आणि तिला सासरच्या फाट्यावर नेऊन सोडायचं. “पोरी, लोक काय म्हणतील” एवढ्या चार शब्दांत तिचा निकाल.

माझ्या भावानं गाडीला किक मारली नाही. त्याला लोक काय काय बोलले ते मी या वहीत लिहीत नाही. पण त्यानं मारली नाही, एवढं लिहून ठेवते.

*

स्टिम्फालोस नावाच्या गावात हेराची तीन देवळं होती. एक कुमारी हेराचं, एक लग्न झालेल्या हेराचं, तिसरं विधवा हेराचं. झ्यूस अमर, मग विधवा कशी? पॉसेनियसनं कारण दिलंय: ती झ्यूसशी भांडून त्या गावी परत आली होती, तेव्हा तिला लहानपणी सांभाळणाऱ्या तेमेनोसनं तिला हे नाव दिलं. म्हणजे विधवा नव्हे, आपल्या भाषेत सांगायचं तर परित्यक्ता. किंवा उलट: तिनं त्याला टाकलं. त्याला आपल्याकडं नावच नाही.

टाकलेली हा शब्द किती सहज तोंडात येतो. निशा शिवूरकरांनी या बायकांवर जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच तो आहे: ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’. संगमनेरला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या बायका एकत्र जमल्या, बोलल्या. तोवर त्यांची नीट मोजदादही झाली नव्हती, कारण रेशनकार्डावर त्या नवऱ्याच्या घरी होत्या आणि राहायला बापाच्या.

तिसरं देऊळ बांधणारं गाव. मला तिथं जावंसं वाटतं.

*

वकिलाची नोटीस आली. नांदायला यावे.

नांदणं हा किती चांगला शब्द. घर नांदतं असावं, गोकुळ नांदावं, सुखानं नांदा. आणि हाच शब्द नोटिशीत आला की मुदतीच्या आकड्यासह येतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. नवरा किंवा बायको कारण नसताना सोडून गेली तर दुसऱ्यानं कोर्टात जावं आणि कोर्टानं तिला किंवा त्याला परत नांदायला पाठवावं.

भाचीला मी रखमाबाईंची हकीकत सांगितली. ती तिच्या प्रश्नसंचात होती, पण एका ओळीत, पहिल्या डॉक्टर स्त्रियांपैकी एक म्हणून. मी पुढचं सांगितलं. जन्म १८६४, मुंबई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न. वयात आल्यावर त्या नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजीनं दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला: समजत्या वयाच्या बाईला, तिच्या मनाविरुद्ध, अशा नवऱ्याकडं ढकलणं हे रानटी होईल, असा त्याचा रोख. अपील झालं. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितलं की तुरुंगात जाईन.

इथं भाचीनं मान वर केली.

“गेल्या?”

गेल्या नाहीत. १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजीला दोन हजार रुपये देऊन. पुढच्या वर्षी त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरतेत आणि राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य काढलं. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ एवढंच नाव लावून बालविवाहावर पत्रं लिहिणाऱ्या त्याच. वारल्या १९५५ मध्ये, नव्वदी गाठून.

१९५५. हिंदू विवाह कायदा झाला ते वर्ष. त्या कायद्यात कलम ९ आलं.

भाची नोटिशीचं उत्तर स्वतः लिहितेय. वकील नंतर बघतील म्हणाली. ओसरीवर पेन खरडल्याचा आवाज रात्री अकरापर्यंत येत होता.

*

हेराचं एक नाव झायजिया. झायगॉन म्हणजे जू. आपलं ‘जू’ आणि त्यांचं ‘झायगॉन’ एकाच मुळाचे, संस्कृतात मधे ‘युग’ उभा. बैलांच्या खांद्यावर येतं तेच. जुन्या वैदिक विधीत नवरीच्या डोक्यावर जू धरून त्याच्या भोकातून पाणी सोडायचे.

बालाघाटाच्या पट्ट्यातून दिवाळीनंतर गाड्या भरून उसाला जातात. तिकडच्या हिशेबात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल कोयत्यावर मिळते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. त्याला उचल अर्धी, फडात कामही अडतं, कारण एकानं तोडायचं आणि दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवायची असते. म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरांची लग्नं उरकतात. नवरीचं वय कोण विचारतो? कायदा अठरा म्हणतो. माझ्या वर्गातल्या पोरी दिवाळीच्या सुटीनंतर बाकावर दिसत नाहीत तेव्हा हजेरीत त्यांच्या नावापुढं ‘गैरहजर’ लिहिताना माझा हात जड होतो. सातवी-आठवीतल्या पोरी. एकजण गेल्या वर्षी उन्हाळ्यात परत आली तर तिच्या कडेवर मूल होतं आणि ती मला “मॅडम” म्हणून लाजून हसली.

जू हा शब्द लग्नाला कुणी लावला तेव्हा त्याला दोन बैल सारख्या उंचीचे दिसत असावेत. एक वासरू आणि एक बैल जुंपला तर काय होतं, हे लोह्याच्या बाजारातला कुठलाही शेतकरी सांगेल.

*

जून महिना जूनोचा, म्हणून तिकडं जूनमधली लग्नं भाग्याची समजत. आमच्याकडं जूनमध्ये पेरणी.

*

अथेन्समध्ये एका महिन्याचं नावच लग्नाचा महिना होतं, गॅमेलियन. साधारण जानेवारी-फेब्रुवारी. त्याच्या सत्तावीस तारखेला झ्यूस आणि हेराचं लग्न लावत, आणि लोकही तेव्हाच लग्नं करत.

हा काळ म्हणजे आपला पौष-माघ. पौषात आपण सोयरिकीचं बोलणंसुद्धा काढत नाही. पण खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न पौषातच लागतं. साताऱ्याकडं पालला, तारळी नदीच्या काठी, मोठी यात्रा भरते, भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात. माणसांना वर्ज्य असलेला महिना देवानं स्वतःसाठी ठेवला.

*

माळेगावच्या यात्रेला आठ दिवस राहिले. लोह्यातून लातूरच्या रस्त्यानं घोडे निघालेत, टेम्पोत उभे, माना बाहेर काढून. मार्गशीर्ष वद्यात देवस्वारी निघाली की यात्रा सुरू. घोडे, गाढवं, उंट, कुत्री. घोंगड्या, भांडी, लावणीचे फड, पाळणे. लहानपणी आम्ही बैलगाडीतून जायचो आणि परतताना केसांच्या मुळांपर्यंत भंडारा गेलेला असायचा. चार दिवस न्हाणीतलं पाणी पिवळं.

खंडोबाचा संसार म्हणजे जागरणातला अर्ध्या रात्रीचा ऐवज. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, शिस्तीची, सोवळ्यातली. बाणाई धनगराची, मेंढ्यांमागं हिंडणारी. देव सारीपाटात म्हाळसेशी हरला, बारा वर्षं घराबाहेर गेला, बाणाईच्या बापाकडं मेंढक्या होऊन राहिला आणि तिला घेऊन आला. मग दोघींचं भांडण. वाघ्या दोन आवाज काढून ते गातो आणि बायका आधी हसतात. मी जागरणात बायकांकडं बघते. म्हाळसा जेव्हा विचारते की माझं काय चुकलं, तेव्हा हसणं थांबतं, आणि कुणीतरी उगाच मांडीवरच्या लेकराला थोपटायला लागतं.

हेराच्या बाबतीत झ्यूसच्या दुसऱ्या बाईचं काय झालं? आयो नावाची पोर, आणि तीही हेराच्याच देवळातली पुजारीण. झ्यूसनं तिला लपवायला गाय केलं. हेरानं त्या गाईवर शंभर डोळ्यांचा आर्गस पहाऱ्याला ठेवला. आर्गस मारला गेला तेव्हा त्याचे डोळे हेरानं मोराच्या पिसाऱ्यावर लावले. आयोच्या मागं गोमाशी सोडली, ती चावत राहिली आणि गाय देशोदेशी पळत राहिली. नवऱ्याचं कुणी काही वाकडं केलं नाही.

बाणाईची गाय झाली नाही. जेजुरीच्या डोंगरावर म्हाळसा वर गडावर देवाशेजारी, आणि बाणाईचं देऊळ चढाच्या मध्यावर. धनगर आधी तिच्यापाशी थांबतात. तिची माणसं तिला विसरली नाहीत, म्हणून तिला जागा राहिली असं मला वाटतं. रा. चिं. ढेरे आणि जर्मनीहून येऊन धनगरांबरोबर पायी हिंडलेले गुंथर सोंथायमर, दोघांनी खंडोबाच्या या बायकांच्या जातीजमातींकडं बोट दाखवलं: वाणी, धनगर, शिंपी, माळी, शेवटची तेली किंवा मुसलमान. ज्यांची लेक देवाच्या घरात, तो देव त्यांचा. म्हणून यात्रेला सगळा मुलूख लोटतो.

हे सगळं खरं. तरी म्हाळसेच्या त्या प्रश्नाचं उत्तर जागरणात कुणी देत नाही.

*

आणि मुरळी. तिचं लग्न थेट देवाशी. नवसाची पोर, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी भंडारा, देव नवरा म्हणून माणूस नवरा करायचा नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढलं आणि मुरळ्या सोडायच्या प्रथेवर हल्ला चढवला. त्यात शिवूबाई नावाच्या एका मुरळीनं आपली कैफियत स्वतः लिहून पाठवली. पुढं तिचं लग्न झालं, माणसाशी, चारचौघांत.

मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासींबाबत कायदा झाला. तेव्हा लोहा-कंधार निजामाच्या राज्यात होतं, तो कायदा आमच्यापर्यंत आला नाही. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५चा.

शिवूबाईचं पत्र पाठ्यपुस्तकात हवं होतं.

*

आंबेजोगाई. परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचं लग्न ठरलं. वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. डोंगरात कोरलेली लेणी आहेत, प्रांगणात दगडी हत्ती उभे. लोक त्यांना हत्तीखाना म्हणतात आणि जोगाईचा मांडवही म्हणतात. परळी तिथून पंचवीसेक किलोमीटर. इतक्या जवळ येऊन राहिलं.

मी शाळेची सहल घेऊन तिथं गेले होते. पोरं हत्तींवर चढून फोटो काढत होती. एक पोरगी बाजूला उभी राहून म्हणाली, “मॅडम, लग्न मोडलं तर देवी रडली असंल का?” दुसरी म्हणाली, “रडली असती तर दगड नसतं झालं का तिचंबी? ती तर चांगली देवळात बसली.”

कोकणातल्या चित्पावनांची ही कुलदेवी. तिकडून इतक्या लांब घाट चढून लोक नवी जोडपी घेऊन येतात, जिचं स्वतःचं लग्न लागलंच नाही तिच्या पायावर घालायला. कुमारिकेकडं सौभाग्य मागतात. ती देते, अशी श्रद्धा आहे.

हेरासुद्धा दर वर्षी नॉप्लियाजवळच्या कानाथॉस झऱ्यात आंघोळ करायची आणि पुन्हा कुमारी व्हायची. तिथल्या लोकांची तशी समजूत होती.

*

भाचीला घेऊन माहूरला जाऊन आले. रविवार होता, गर्दी होती. पायऱ्यांवर बांगड्या, कुंकवाचे ढीग, परड्या, कवड्यांच्या माळा.

रेणुका. जमदग्नीला संशय आला, म्हणून त्यानं लेकाला आईचं मुंडकं उडवायला सांगितलं आणि परशुरामानं उडवलं. मग वर मागून जिवंत केलं. पुढं जमदग्नी मारला गेला, तेव्हा परशुराम बापाचं प्रेत आणि आईला कावडीत घालून कोरी भूमी शोधत इथं आला. आई सती गेली. तो आईसाठी आक्रोश करू लागला तेव्हा ती जमिनीतून वर येऊ लागली, पण त्यानं वेळेआधी वळून पाहिलं, म्हणून मुख तेवढं वर आलं. गाभाऱ्यात तेवढंच आहे. शेंदराचं मोठं मुख, टपोरे डोळे, बाकी देह नाही. मराठवाड्यातली कितीतरी नवी जोडपी याच मुखापुढं येऊन नमस्कार करतात.

इथं प्रसादाला तांबूल. देवळाच्या वाटेवर बायका लोखंडी खलात विडा कुटत बसलेल्या असतात: पान, कात, सुपारी, बडीशेप, वेलदोडा. सगळं एकजीव होऊन तांबडा लगदा होईस्तोवर. एका म्हातारीपाशी आम्ही थांबलो. तिचे हात मनगटापर्यंत रंगलेले होते. तिनं भाचीच्या गळ्याकडं पाहिलं, मंगळसूत्र नव्हतं. कपाळाकडं पाहिलं, टिकली होती.

“लेकीचं लगीन व्हायचंय का माय?”

मी काही बोलायच्या आधी भाची म्हणाली, “झालंय मावशी. मी आले निघून.”

म्हातारीनं कुटणं थांबवलं नाही. दोन ठोके टाकले, बत्त्याला लागलेलं बोटानं निपटलं आणि म्हणाली, “आईपुढं ठेव जा. अन् एक तुला खा. लई कुटलाय आज, चांगला झालाय.”

तिनं पैसे एकाच विड्याचे घेतले.

भाचीनं रांगेत उभ्याउभ्याच आपला विडा तोंडात टाकला. गाभाऱ्यात पोचलो तेव्हा तिचे ओठ देवीसारखे लाल झाले होते.